स्किल लॅबच्या नोंदी: एप्रिल ते जुलै, नागपूर

या नोंदी आमच्या वैद्यकीय सराव केंद्राच्या भिंतीवरच्या वहीतून उतरवल्या आहेत. जिल्हा रुग्णालयात, नर्सिंग स्कूलमध्ये किंवा तालुक्याच्या ठिकाणी कुणी अशी सरावाची खोली उभी करत असेल, तर त्यांना आमच्या चुका पुन्हा करायला लागू नयेत, हा हेतू. डमी, फँटम (सरावासाठी केलेला नकली अवयव किंवा ठोकळा) आणि नकली रक्त यांच्याकडून एकच अपेक्षा आहे: शिकणाऱ्याच्या हाताखाली त्यांनी शरीरासारखं वागावं. वस्तू खोटं वागली की हातही खोटंच शिकतो, आणि तो हात नंतर रुग्णावर पडतो.

3 एप्रिल

चारही सीपीआर डमींची (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याचा सराव यांच्यावर होतो) उन्हाळ्याआधीची तपासणी. छातीवर प्रत्येकी 40 किलोच्या वाळूच्या पिशव्या ठेवून बाजूला फूटपट्टी धरली. तीन डमी पाच सेंटिमीटरच्या जवळपास दबल्या, चौथी साडेसहावर गेली. तिची स्प्रिंग थकली होती.

बाहेरून काहीच कळत नाही, उलट सगळ्यांना तीच डमी आवडते. हलकी जाते, दोन मिनिटांत दम लागत नाही. पण प्रौढ माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दर दाबानंतर पूर्ण वर येऊ द्यायची. मऊ डमीवर शिकलेला हात खऱ्या छातीवर तीन-साडेतीन सेंटिमीटरवरच थांबतो. डमीवर दिवा हिरवा लागतो म्हणून गाफील राहू नये. काही मॉडेलमध्ये दिवा सेन्सरवर चालतो, काहींत साध्या पट्टीवर, आणि ती पट्टी घासली की उथळ दाबालाही हिरवा दिवा लागतो. म्हणून वाळूची पिशवी आणि फूटपट्टी दर तीन महिन्यांनी.

आणखी एक. सराव फरशीवर चांगला होतो, पण वॉर्डात रुग्ण गादीवर असतो. फोमच्या गादीवर डमी ठेवून दाबलं की गादी खाली जाते आणि छाती कमी दबते. आता प्रत्येक बॅचची शेवटची फेरी खाटेवर होते, आधी फळीशिवाय आणि मग पाठीखाली फळी घालून. फरक समजावून सांगावा लागत नाही.

7 एप्रिल

स्प्रिंग बाहेरून मागवली तर दीड महिना. इतवारीतल्या एका स्प्रिंगवाल्या काकांकडे जुनी नेऊन दाखवली. मोजून द्यायच्या चार गोष्टी: तारेची जाडी, वेटोळ्याचा बाहेरचा व्यास, काम करणारे वेढे (दोन्ही टोकांचे बसके वेढे सोडून) आणि मोकळी लांबी. यातली तारेची जाडी सर्वांत नाजूक, कारण स्प्रिंगचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. 4 मिलिमीटरऐवजी 4.2 ची तार घेतली की स्प्रिंग सुमारे 22 टक्क्यांनी कडक होते. पहिल्या खेपेला नेमकं हेच झालं. काकांनी कॅलिपर लावून स्वतःच पकडलं, दुसऱ्या दिवशी नवीन ओढून दिली आणि दोन जास्तीच्या ठेवायला दिल्या, पैसे एकीचेच घेतले. "मानसाच्या जिवाचं काम आहे, बाप्पा," एवढंच म्हणाले.

पहिली सीपीआर डमी 1960 मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लेरडाल यांनी बनवली, आणि त्यांचा मूळ धंदा खेळण्यांचा. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या करणारा हातच त्या कामी आला. हे काम सुरुवातीपासून कारागिरांचं आहे. काकांचे मनापासून आभार.

12 एप्रिल

सोनोग्राफीखाली शिरेत सुई घालायचा सराव ज्या जिलेटिनच्या ठोकळ्यावर चालतो, तो दुपारी बसला. सकाळी अकराला घट्ट, तीनला कडेने पाणी सुटलेलं. एसी जेवणाच्या सुट्टीत बंद होता. जिलेटिन 32 ते 35 अंशांच्या आसपास सैल पडतं, आणि नागपूरच्या एप्रिलमध्ये बंद खोली तेवढी सहज तापते. थंड देशांतल्या कृती इथे मार्चपर्यंतच चालतात.

म्हणून आगार, म्हणजे किराणा दुकानातलं चायना ग्रास, पण पावडर. ते 35-40 अंशांना घट्ट होतं आणि पुन्हा वितळायला 85 च्या आसपास उष्णता लागते, म्हणजे मे महिन्यालाही पुरून उरतं. चार खेपा वाया घालवून ठरलेली कृती अशी:

एक लिटर आरओचं पाणी, थंडच. त्यात 30 ग्रॅम आगार पावडर रवीने फेटायची. गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या सोनोग्राफीत खड्यांसारख्या चमकतात. मग उकळी आणून मंद आचेवर चार-पाच मिनिटं. नुसतं गरम करून भागत नाही, उकळलं नाही तर ठोकळा दुसऱ्या दिवशी पाणी सोडतो. उतरवून 80 मिली ग्लिसरीन. वरचा फेस चमच्याने काढायचा. 60 अंशांपर्यंत उतरलं की मिक्सरमधून बारीक केलेला, गाळलेला इसबगोल एक मोठा चमचा, हलक्या हाताने ढवळत. इसबगोलाशिवाय ठोकळा पडद्यावर काळाभोर दिसतो. इसबगोलाने त्याला मांसासारखा करडा पोत येतो. फार गरम असताना टाकला तर फुगून गोळे होतात, फार उशिरा टाकला तर वरच तरंगतो.

पहिला थर दोन सेंटिमीटर ओतायचा. तो बोटाला चिकटेल इतका ओला असतानाच नळ्या ठेवून दुसरा थर. पहिला पूर्ण थंड झाला तर दोन थरांच्या मध्ये पांढरी रेघ दिसते आणि शिकणारा तिलाच शिरेची भिंत समजतो.

नळ्यांवर सगळ्यांत जास्त डोकं चाललं. शीर प्रोबने, म्हणजे सोनोग्राफीच्या हातात धरायच्या दांड्याने, दाबली की चपटी व्हायला हवी, धमनी होता कामा नये. सुई घालण्यापूर्वी हीच खूण बघायची असते. दोन्हीला एकच रबरी नळी वापरली तर दोन्ही सारख्याच दिसतात आणि मुलं अंदाजाने निवडतात. आता शिरेसाठी लांबट पेन्सिल फुगा, निळं पाणी जेमतेम भरून, आत हवेचा एक थेंब न ठेवता. धमनीसाठी टूर्निकेटची (रक्त काढताना दंडाला बांधतात ती) जाड लॅटेक्स नळी, लाल पाणी ताठ भरून, दोन्ही टोकं गाठीने बंद. सिरिंजमध्ये लाल आलं तर कुणी सांगायची गरज नाही.

आगारचा दोष एकच. सुईची वाट भरून येत नाही. वीस-पंचवीस टोचण्यांनंतर पांढऱ्या रेघांचं जाळं होतं. तेव्हा फुगा-नळी काढून ठोकळा पुन्हा उकळायचा. तीन वेळा चालतो, नंतर बुरशीचा वास येतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये पाच दिवस टिकतो.

25 एप्रिल

लेबलं. या नोंदीत कृती नाही, पण ही सगळ्यांत महत्त्वाची.

अमेरिकेत 2014 मध्ये सरावासाठी बनवलेल्या सलाईनच्या पिशव्या दवाखान्यांत पोहोचल्या आणि रुग्णांना चढवल्या गेल्या. ते निर्जंतुक नव्हतं. माणसं थंडी-तापाने आजारी पडली. पिशवी खऱ्यासारखी दिसत होती, आणि खऱ्यासारखी दिसणं हाच तर तिचा उपयोग.

म्हणून आपल्याकडे आता: प्रत्येक नकली पिशवी, व्हायल (औषधाची छोटी बाटली) आणि सिरिंजवर लाल पट्टी, दोन्ही बाजूंनी, "सरावासाठी. रुग्णाला देऊ नये." पट्टी प्लास्टिकचीच, कागदाची ओली झाली की गळते. कपाट वेगळं, कुलूप वेगळं, किल्ली एकाकडे. सत्राआधी आणि नंतर मोजणी, आणि आकडा जुळेपर्यंत खोली बंद होत नाही. ॲप्रनच्या खिशात राहिलेली सिरिंज हा सर्वांत सोपा रस्ता, म्हणून दाराजवळ टोपली आणि खिसे रिकामे करायची सवय. रुग्णालयाच्याच इमारतीत सराव घेताना दुप्पट काळजी, कारण तिथे नकली ट्रॉली आणि खरी ट्रॉली एकाच गल्लीत उभी असते.

रिकामी खोकी आणि व्हायल जमवून धुऊन पाठवणाऱ्या औषध भांडारातल्या मंडळींचे आभार. खऱ्या खोक्याशिवाय औषध शोधण्याचा वेळ मोजता येत नाही.

10 मे

उष्माघाताची पहिली पूर्ण ड्रिल. बाहेर पारा 44 वर.

इलेक्ट्रॉनिक डमी पाण्यात घालता येत नाही. त्यामुळे जुनी बिघडलेली डमी, आतलं सगळं काढून, पोटात आणि मांड्यांत वाळूच्या पुरचुंड्या भरून 55 किलोची केली. वजन हवंच. 20 किलोची डमी दोन जण उचलतात आणि वाटतं की जमलं.

पद्धत ताडपत्रीची: रुग्ण ताडपत्रीवर, सहा जणांनी कडा उचलून धरायच्या, मध्ये पाणी आणि बर्फ, एकजण पाणी हलवत राहणार. आम्ही 120 लिटर पाणी आणि 40 किलो बर्फ घेतला. पहिल्या फेरीत ताडपत्री पितळी डोळ्यांपाशी, म्हणजे दोरी ओवायच्या भोकांपाशी, फाटली, कारण मुलांनी डोळ्यांत बोटं घालून धरली होती. कडा दोनदा गुंडाळून मूठ धरायची. पायाच्या बाजूचे दोघे थकले की पाणी त्यांच्याकडून सांडतं, म्हणून उंच माणसं तिकडे.

बर्फाची लादी सकाळी नऊला आणून तीनला वापरायला काढली, निम्मी गेली होती. आता तासभर आधी, पोत्यात आणि लाकडी भुशात.

तापमान प्रशिक्षक पाटीवर दाखवतो. सुरुवात 41.8. हात पाण्यात असतील तोवर मिनिटाला 0.2 ने उतरवायचं, हात थांबले की पाटीही थांबते. 39 ला येताच बाहेर काढायचं, नाहीतर ताप खाली जातच राहतो. म्हणजे गार करणं न थांबवता 14 मिनिटं. पहिल्या दोन्ही गटांना पंचवीसच्या वर लागली. कारण एकच: सलाईन लावायला सगळे थांबले. सलाईन हवंच, पण एका हातात, बाकी अंग पाण्यात असताना. दुसरी नेहमीची चूक काखेतला थर्मामीटर. गार पाण्याने कातडी निवते, आतला ताप तसाच असतो, म्हणून गुदाशयातलंच तापमान. पॅरासिटामॉल इथे काम करत नाही. दोन गटांनी दिलं आणि त्यात तीन मिनिटं घालवली.

भान हरपलेला, तापाने फणफणलेला माणूस आधी गार करायचा आणि मग हलवायचा, हे रुग्णवाहिकेवरच्या दोन्ही दादांनी सगळ्यांत आधी उचललं. ड्युटी संपवून, घरी न जाता आलेले ते. त्यांचे आभार.

22 मे

डमीच्या कातडीवरचे डाग. निळं बॉलपेन, वर्तमानपत्राची छपाई, बेटाडीन आणि रंगीत ग्लोव्हज. उन्हाळ्यात व्हिनाइल मऊ होतं आणि रंग आत ओढून घेतं, मग कशानेच निघत नाही. डमीखाली पांढरी चादर, वर्तमानपत्र नाही. बेटाडीनच्या जागी चहाचं पाणी. लॅटेक्सच्या भागांना व्हॅसलीन लावू नये, रबर चिकट होऊन फाटतं.

5 जून

बातमी: नवजात बाळांच्या सरावाची खोली सुरू झाली. तीन टेबलं, तीन डमी, तीन ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी).

डमीत कोमट पाणी भरल्यावर हातात बाळाचं वजन आणि ढिली मान येते. हवा भरलेली बाळं खेळण्यासारखी ताठ राहतात, त्यांच्यावर मान सरळ धरायला शिकता येत नाही. पाणी आरओचंच. बोअरच्या पाण्याने झडपांत पांढरा थर बसतो.

जन्मलेलं बाळ पुसूनही रडत नसेल, श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने श्वास सुरू व्हायला हवा. वेग मिनिटाला 40 ते 60. मोजायची लय "श्वास, दोन, तीन" अशी. "श्वास" ला दाबायचं, "दोन, तीन" ला सोडायचं. घाबरल्यावर लय धावते आणि मिनिटाला 90 होते. म्हणून पहिली दहा मिनिटं बाळ नाही, नुसतं टाळीवर मोजणं.

छाती वर येत नसेल तर क्रम: मास्क पुन्हा बसवा, मान थोडी मागे, तोंड-नाक साफ करा, तोंड किंचित उघडून धरा, मग दाब वाढवा. बहुतेक जण थेट दाबावर जातात.

काल दुपारी तिन्ही टेबलांवर छाती वर येईना. मास्क बदलला, मान बदलली, काही नाही. शेवटी बॅग उघडली. धुऊन जोडताना चोचीसारखी झडप उलटी बसली होती, आणि एकाच हाताने तिन्ही जोडल्यामुळे तिन्हींत तीच चूक. वॉर्डात हे झालं असतं तर बाळाचं मिनिट गेलं असतं. आता वापरण्याआधी प्रत्येकाने तपासायचं: बॅगचं तोंड तळहाताने बंद करून बॅग दाबा. दाब हाताला लागला पाहिजे, आणि जोराने दाबल्यावर 30 ते 40 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला सुरक्षा झडप फुसकन उघडली पाहिजे. हात काढून दाबा, हवा पुढून यायला हवी. बॅग सोडा, लगेच फुगली पाहिजे. दहा सेकंदांचं काम. एका टेबलावर आता मुद्दामच उलटी झडप ठेवतो.

ही तपासणी प्रसूतिगृहातल्या एका ज्येष्ठ सिस्टरांनी बसवून दिली. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस सक्करदऱ्याहून ऑटोने येतात. भाडंही घेत नाहीत. सिस्टर, या खोलीतला प्रत्येक श्वास तुमच्या लयीत मोजला जातो.

17 जून

पाऊस सुरू. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं सत्र.

नकली रक्त: एक लिटर आरओ पाणी, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून, उकळून दाट होईपर्यंत. गार झाल्यावर खाण्याचा लाल रंग, निळ्याचे दोन थेंब आणि चिमूटभर कोको. नुसता लाल रंग सरबतासारखा दिसतो. कुंकू किंवा गुलाल वापरू नये, तळाशी बसतो आणि नळी तुंबते. कॉर्नफ्लोअरचं रक्त या हवेत दुसऱ्या दिवशी आंबतं, म्हणून रोज ताजं. गुठळ्यांसाठी दोन टक्के आगार लाल रंगात घट्ट करून हाताने मोडायचं. मुठीएवढी गुठळी खरी वाटते.

पहिला तास अंदाजाचा. पॅडवर 100 मिली, चादरीवर 500, फरशीवर 500, बादलीत पाणी मिसळलेलं 300. सगळ्यांनी चिठ्ठीवर आकडा लिहायचा. फरशी आणि चादर जवळपास प्रत्येक बॅचला निम्मीच दिसते. डोळ्यांवर विसंबून चालत नाही, म्हणून मोजमापाच्या खुणा असलेली पिशवी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तान्झानियातल्या 80 रुग्णालयांपैकी जिथे ही पिशवी आणि सगळे उपचार एकदमच सुरू करण्याची पद्धत वापरली, तिथे तीव्र रक्तस्राव आणि त्यातून होणारं गंभीर नुकसान 60 टक्क्यांनी कमी झालं. आपल्या ड्रिलमध्येही पिशवीत 300 मिली झालं आणि नाडी-रक्तदाब बिघडलेला दिसला, की मदतीची हाक. 500 होताच नाडी कशीही असो, हाक.

हाकेनंतर एकदम: गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन 10 युनिट, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड 1 ग्रॅम शिरेतून 10 मिनिटांत (प्रसूतीनंतर 3 तासांच्या आत), सलाईन, मूत्राशय रिकामं करणं, आत कुठे फाटलंय का हे तपासणं. "आधी हे करून बघू, मग ते" असं म्हणणारा गट हरतो.

कंडोम बलून, म्हणजे गर्भाशयात आतून दाबून रक्त थांबवायचा फुगा, इथे हाताने बनवायला शिकवतो. फोलीच्या (लघवीसाठी घालतात त्या नळीच्या) टोकावर कंडोम, खाली दोऱ्याने गाठ, 300 ते 500 मिली सलाईन. गाठ सैल असली तर पाणी गाठीपाशी झिरपतं. फार आवळली तर फोलीची नळीच दबते आणि पाणी आत जात नाही. बांधून झालं की आधी 50 मिली भरून बादलीवर धरायचं. दोरा रेशमी, दोन वेढे, एका बोटाच्या रुंदीत.

29 जून

बातमी: झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) रंगभूमीवरचे चार कलाकार या आठवड्यात नकली रुग्ण म्हणून आले. दिवाळीनंतर त्यांचा हंगाम असतो, आणि धानाची रोवणी सुरू झाली की ते बांधावर. मधल्या या पंधरवड्यातले चार दिवस त्यांनी इकडे दिले.

प्रत्येकाला कार्ड: काय आपणहून सांगायचं, काय विचारल्यावरच, काय कधीच नाही. बाकी बोली त्यांची. "छातीत भरून येऊन राह्यलं", "आंगाची आग होऊन राह्यली", "जीव घाबरते". परगावाहून आलेल्या मुलांना यातला अर्धा इतिहास पहिल्या दिवशी कळला नाही. तो कळण्यासाठीच हे सत्र.

सर्वांत जास्त शिकवलं एका शब्दाने. कार्डावर शेतकऱ्याची बायको, नवरा बेशुद्धीकडे झुकलेला, तोंडाला फेस. डॉक्टर विचारतात, "कोणतं औषध घेतलं?" ती म्हणते, "फवारणीचं औषध घेतलं ना जी." पाचपैकी दोन गटांनी "औषध" ऐकून बीपीच्या गोळ्यांची नोंद केली. आपल्या गावांत कीटकनाशकाला औषधच म्हणतात. आणि "घेतलं" म्हणजे प्यायला की फवारताना अंगावर आलं, हेही विचारायला हवं. बाटली पिशवीत होती. मागितली तरच ती काढून देणार, असं कार्डावर लिहिलं होतं. तीन गटांनी मागितलीच नाही.

पुढचा भाग डमीवर. ॲट्रोपिन (अशा विषावरचा उतारा) 1.8 मिलिग्रॅमपासून, दर पाच मिनिटांनी दुप्पट, छातीतली घरघर थांबेपर्यंत. आपल्याकडची ॲम्प्युल 0.6 मिलिग्रॅमची. म्हणजे 3, 6, 12, 24. पंधराव्या मिनिटापर्यंत 45 ॲम्प्युल फोडाव्या लागतात. कागदावर हा आकडा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. काचा फोडताना भरतो: दुसरा जण फोडायला बसवला नाही तर दहाव्या मिनिटाला औषध मागे पडतं. आता ॲम्प्युल फोडणारा हा गटातला वेगळा माणूस, जाड गॉजचा तुकडा हातात, बाजूला काचेचा डबा. सरावाच्या काचाही शार्प्सच्याच (सुया-काचांच्या) डब्यात. त्याआधी रुग्णाचे कपडे काढून अंग साबणाने धुणं आणि स्वतः ग्लोव्हज, हेही घड्याळात मोजतो.

कलाकारांसाठी नियम: थांबायचा शब्द ठरलेला, दिवसाला चार फेऱ्यांहून जास्त नाही, खरी सुई कुणाला नाही. हाताला नकली हात बांधून सलाईन त्यात. रडण्याच्या भूमिकेनंतर पाच मिनिटं बाहेर, आपल्या नावाने हाक मारून, चहा. मानधन त्याच दिवशी रोख.

ताई, दादा, तुम्ही रुग्ण होऊन जे सांगितलं ते आमच्या कोणत्याही तक्त्यात नव्हतं. पुढच्या वर्षी रोवणीच्या आधी पुन्हा या.

9 जुलै

दमट हवा. एअरवेच्या डोक्यात, म्हणजे श्वासमार्गाच्या सरावाच्या डमीत, काळे ठिपके, म्हणजे बुरशी. वापरल्यावर घसा-फुफ्फुसं सोडवून सौम्य साबणाने धुणं, 70 टक्के आयसोप्रोपिल, आणि पंख्याखाली पूर्ण कोरडं होईपर्यंत न जोडणं. कूलरच्या खोलीत वाळवू नये. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सायंकाळी खालच्या चावीने सोडायचं, नाहीतर ते डमीच्या झडपांत जातं.

सर्पदंशाचं सत्र. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: 2 मिली ताजं रक्त, नवी, कोरडी काचेची परीक्षानळी, न हलवता 20 मिनिटं, मग एकदाच तिरपी. प्लास्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली काच असेल तर रक्त गोठायला हवं तरी गोठत नाही आणि रुग्णाला विनाकारण सर्पविषावरची लस जाते. सरावासाठी दोन नळ्या तयार: एकीत एक टक्का लाल आगार घट्ट झालेलं, दुसरीत लाल पाणी. प्रशिक्षक गुपचूप बदलतो. बाराव्या मिनिटाला नळी तिरपी करून बघणारे बरेच निघतात. म्हणून टायमर हातात.

या लसीची पावडर विरघळवताना हलवली की फेस येतो. रिकाम्या व्हायलमध्ये ग्लुकोज पावडर आणि शाम्पूचा अर्धा थेंब टाकला की तसाच फेस येतो. हलवायची नाही, तळहातात फिरवायची. दहा व्हायल विरघळवायला एकट्याला किती वेळ लागतो हे एकदा घड्याळ लावून पाहावं. इकडे हेही: लस चढवायच्या आधी ॲड्रिनलिन 0.5 मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरलेलं, उशाशी.

21 जुलै

पुढच्या बॅचआधीची यादी. स्प्रिंग तपासणी, चारही डमी. पेन्सिल फुगे 20, आगार पावडर एक किलो, इसबगोल. नवजात बॅगच्या चोच-झडपा सहा. काचेच्या नळ्या 50. ताडपत्री नवी, कडा शिवून. लाल पट्ट्यांचा एक रोल संपत आला आहे, तो आधी.